वाऱ्याची सरासरी, लाटेचा हिशेब

(दृश्य : उथळ समुद्रात ओळीनं उभ्या पवनचक्क्या)

किनाऱ्यावर उभं राहिलं की वाटतं, इथं ऊर्जेला काय तोटा! पण प्रकल्पात पैसे घालणारा एकच विचारतो, वर्षाला युनिट किती? उत्तर द्यायचं तर आधी मोजायला हवं. आणि मोजताना पहिला दगा देते ती सरासरी.

वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट. समजा, एका जागी सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा अखंड वाहतोय. दुसरीकडे अर्धा वेळ ५ आणि अर्धा वेळ १५. सरासरी दोन्हीकडे दहाच. तरी दुसऱ्या जागेच्या वाऱ्यात पावणेदोनपट शक्ती आहे. ती सगळी हाती लागत नाही, ही गोष्ट वेगळी. पवनचक्की साधारण ११ ते १३ मीटरलाच पूर्ण क्षमता गाठते. त्यापुढचा जोर तिच्या उपयोगाचा नाही. २५ च्या आसपास तर बहुतेक पवनचक्क्या बंदच होतात. म्हणून कुठल्या वेगाचा वारा वर्षात किती तास होता, ती वाटणीच मागून घ्यावी.

(दृश्य : लाटांवर डुलणारा पिवळा बोया)

लाटा मोजतो हा बोया. आतलं यंत्र त्याची प्रत्येक उचल टिपतं. साधारण अर्ध्या तासाच्या नोंदीतल्या सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटा निवडायच्या आणि त्यांची सरासरी काढायची. अनुभवी खलाशी नुसत्या नजरेनं सांगतो, ती उंचीही याच्या जवळपास येते!

खोल पाण्यात लाटेची शक्ती काढायचं गणित सोपं आहे. या उंचीचा वर्ग, गुणिले दोन लाटांमधला काळ, आणि त्याचं साधारण निम्मं. उंची २ मीटर आणि काळ ८ सेकंद असेल, तर लाटेच्या दर मीटर रुंदीमागे सुमारे १६ किलोवॉट. उंची ४ आणि काळ १० झाला की तोच आकडा ७८ वर जातो.

दूरच्या वादळानं उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर चालून येतात, त्यामुळे इथला वारा पडला तरी समुद्र हलता राहतो. दोन्हींच्या नोंदी तासातासाला शेजारी मांडल्या, की एकाची उणीव दुसरा किती वेळा भरतो ते दिसतं. मला विचाराल तर अहवालातलं हे पान आधी उघडावं.

खरी फसगत किनाऱ्यालगतच्या काही किलोमीटरांत होते. ईआरए-५ या जागतिक हवामान-नोंदीत १९४० पासूनचा तासातासाचा वारा मिळतो, पण तिची एक चौकट सुमारे ३१ किलोमीटरची. तिच्यात निम्मी जमीन, निम्मा समुद्र. दिवसाचे खारे वारे, रात्रीचे मतलई वारे त्या चौकटीत नीट उमटत नाहीत. उपग्रहाचा लाटमापकही जमिनीजवळ गोंधळतो. शिवाय उथळ पाण्यात लाट तळाशी घासते, वळते, भूशिराशी एकवटते आणि उपसागरात पसरून मंदावते. म्हणून जागेवर वर्षभर बोया आणि तरंगता लायडार, म्हणजे लेझरनं वारा मोजणारं यंत्र, ठेवायचा, मग त्या नोंदींचा मेळ जुन्या दशकांशी घालायचा.

(दृश्य : वादळी समुद्र)

अहवालात आणखी एक आकडा लागतो : पन्नास वर्षांतून एखाद्या वेळी येणारी लाट. रोजच्या लाटेवर उत्पन्न ठरतं. पोलादाची जाडी आणि नांगराची साखळी ठरते ती या लाटेवर. समुद्रात उघड्यावर यंत्र टिकवणं किती कठीण, ते पोर्तुगालमध्ये दिसलं. २००८ मध्ये तिथं लाटांपासून वीज करणारी तीन 'पेलामिस' यंत्रं, मिळून सव्वादोन मेगावॉटची, समुद्रात उतरली आणि काही महिन्यांत बंदरात परत आली.

स्पेनमधल्या मुत्रिकू गावानं वेगळी वाट धरली. तिथं २०११ पासून बंदराच्या लाटरोधक भिंतीतच कोठड्या आहेत. लाट आत शिरली की वरची हवा दाबली जाते आणि त्या हवेवर टर्बाइन फिरतात. १६ टर्बाइन, मिळून क्षमता २९६ किलोवॉट. समुद्रातल्या एका नव्या पवनचक्कीपुढे हे काहीच नाही. पण भिंत बंदरासाठी बांधायचीच होती, आणि दुरुस्तीला बोट लागत नाही.