रडीचा डाव

अध्यक्ष महाशय आणि मंडळी, माझी ओळख करून देताना संयोजकांनी मला 'निवडणुकीचे अभ्यासक' म्हटलं. तसं काही नाही. मी ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो आणि सरकारी नियमानं दर निवडणुकीला ड्युटी लागायची. आधी मतदान अधिकारी म्हणून बोटाला शाई लावली, पुढे केंद्राध्यक्ष झालो. त्यामुळे निवडणूक म्हटली की मला पक्ष आठवत नाहीत. आठवते ती जिल्हा परिषदेच्या शाळेतली वर्गखोली, फळ्याखाली लावलेली दोन बाकं आणि रात्रभर डासांनी केलेली सेवा.

२०१४ची लोकसभा. पहाटे सहाला मॉक पोल. म्हणजे खरं मतदान सुरू होण्याआधी उमेदवारांच्या एजंटांसमोर पन्नासेक मतं खोटी खोटी टाकायची, कुणाला किती टाकली ते कागदावर लिहून ठेवायचं, मग कंट्रोल युनिटवरचं, म्हणजे मतं साठवणाऱ्या पेटीवरचं, क्लोज दाबायचं, रिझल्ट दाबून आकडे जुळवायचे आणि शेवटी क्लिअर दाबून यंत्र शून्यावर आणायचं. आकडे जुळले. चहा आला. बाहेर रांग लागलेली. मी प्रमाणपत्रावर सह्या घ्यायला लागलो आणि हिरवं कागदी सील हातात घेतलं. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेला एक म्हातारा एजंट म्हणाला, "मास्तर, क्लिअर केलंत का?"

केलं नव्हतं. तसंच सील लावून मोकळा झालो असतो तर संध्याकाळी पन्नास मतं जास्त निघाली असती, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'यंत्रात घोळ' असा मथळा आला असता. घोळ माझा, नाव यंत्राचं.

तो म्हातारा ज्या पक्षाचा होता, त्या पक्षाला त्या केंद्रावर कधी चाळीसच्या वर मतं पडली नव्हती. हे त्यालाही माहीत होतं. पण माणूस पहाटे पाचला येऊन बसला होता आणि माझ्या बोटांकडे बघत होता. जिंकणाऱ्या पक्षाचा एजंट तेव्हा बाहेर बिडी ओढत होता. आज मतदान यंत्रांवरच्या खटल्यांबद्दल बोलायचंय, पण माझं सगळं म्हणणं त्या म्हाताऱ्यापाशी आहे.

यंत्रावरचा पहिला खटला १९८२चा, केरळातल्या परूरचा. विधानसभेच्या त्या मतदारसंघात ८४ पैकी ५० केंद्रांवर प्रथमच यंत्रं लावली होती. भाकपचे सिवन पिल्लै निवडणुकीआधीच हायकोर्टात गेले, यंत्र नको म्हणाले. कोर्टानं हात घातला नाही. निवडणूक झाली आणि १२३ मतांनी निवडून आले तेच! आता हरलेले काँग्रेसचे ए. सी. जोस उठले आणि यंत्राविरुद्ध कोर्टात गेले. म्हणजे ज्याला यंत्र नको होतं तो यंत्राचा बचाव करतोय आणि दुसरा त्याच्यावर तुटून पडलाय. हा तमाशा पहिल्याच प्रयोगाला झाला, हे लक्षात ठेवा. पुढची चाळीस वर्षं संहिता तीच, पात्रं तेवढी बदलत गेली.

सर्वोच्च न्यायालयानं १९८४च्या मार्चमध्ये निकाल दिला. यंत्र खोटं बोलतं असं कोर्ट म्हणालं नाही. कायद्यात मतपत्रिका आहे, यंत्र नाही आणि निवडणूक आयोगाला आदेश काढून कायदा बदलता येत नाही, एवढंच. त्या पन्नास केंद्रांवर पुन्हा कागदावर मतदान झालं आणि जोस जिंकले. मग संसदेनं १९८८मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात ६१-अ हे कलम घातलं. आज लोकसभा-विधानसभेचं प्रत्येक यंत्र या कलमाच्या आधारावर उभं आहे. एका हरलेल्या उमेदवारानं रडीचा डाव खेळला म्हणून ते कलम आलं. तो गप्प बसला असता तर आयोग आपल्याच परिपत्रकावर यंत्रं चालवत राहिला असता.

जाता जाता आपल्या शेजारची गोष्ट. संपूर्ण विधानसभा निवडणूक यंत्रावर घेतलेलं पहिलं राज्य गोवा, १९९९ साली.

२००४ला सगळा देश यंत्रावर आला. मी कागदावरची मतमोजणी पाहिलेली आहे, त्यामुळे मला त्या जमान्याची हळहळ नाही. मतपत्रिकांचे गठ्ठे बांधता बांधता पहाट व्हायची. शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर पडला की त्या एका कागदावरून अर्धा तास भांडण. आणि बिहारकडून बातम्या यायच्या त्या केंद्रच ताब्यात घेऊन गठ्ठ्यानं शिक्के मारल्याच्या. यंत्राला दोन मतांमध्ये थोडा वेळ लागतोच. मिनिटाला चार-पाचाच्या वर मतं ते घेत नाही. धटिंगणालासुद्धा रांगेत उभं राहावं लागतं. हा मोठा फायदा आहे आणि 'पुन्हा कागदावर या' म्हणणारे तो सोयीनं विसरतात.

२००९ला भाजप हरला. तेव्हा आडवाणींनी यंत्रांवर शंका घेतली, मतपत्रिकेकडे परत जावं म्हणाले. २०१४नंतर ती शंका भाजपनं खाली ठेवली आणि काँग्रेसनं उचलली. चंद्राबाबू नायडू २०१९ला विरोधी पक्षांना घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले, निम्म्या यंत्रांच्या छापील मतचिठ्ठ्या मोजा म्हणाले. २०२४ला तेच दणक्यात निवडून आले आणि यंत्राचं नाव त्यांच्या तोंडी राहिलं नाही. नगरला सुजय विखे लोकसभेला पडले आणि चाळीस केंद्रांवरची यंत्रं तपासून मागायला गेले. ते तर सत्तेतल्या पक्षाचे! सांगायचा मुद्दा, या प्रश्नावर सगळ्या पक्षांचं तत्त्व एकच आहे आणि ते दर निकालाला कूस बदलतं.

न्यायमूर्तींनाही हे दिसतं. २०२४च्या नोव्हेंबरात, आपल्या विधानसभेचा निकाल लागून तीनच दिवस झाले होते, तेव्हा मतपत्रिकांची मागणी करणारी एक याचिका सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली. न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि आपले प्रसन्न वराळे यांचं खंडपीठ होतं. जिंकलात की यंत्र चांगलं, हरलात की बिघडलेलं, अशा अर्थाचं ते बोलले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी ते वाक्य टाळ्या वाजवत पुढे पाठवलं.

मला ते वाक्य खटकतं. खरं आहे म्हणूनच खटकतं. अहो, चोरी झाल्याची फिर्याद ज्याच्या घरी चोरी झाली तोच देणार ना? ज्याचं काही गेलं नाही तो कशाला पोलीस ठाण्याची पायरी चढेल? निवडणुकीत ज्याचं गेलंय तो हरलेला. त्याचा हेतू साधा, स्वार्थी असतो, मान्य. पण पहारा असा स्वार्थी माणूसच करतो. माझ्या केंद्रावरचा म्हातारा लोकशाहीच्या प्रेमानं आला नव्हता. त्याला मी चोर वाटत होतो.

आता व्हीव्हीपॅट घ्या, म्हणजे मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी छापून दाखवणारी पेटी. ती चिठ्ठी आपल्याला आयोगानं आपण होऊन दिलेली नाही. सुब्रमण्यम स्वामी दिल्ली हायकोर्टात गेले, तिथे हरले, मग सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१३च्या ऑक्टोबरात कोर्ट म्हणालं की मुक्त आणि न्याय्य निवडणुकीसाठी कागदी नोंद अत्यावश्यक आहे. नायडूंच्या याचिकेनंतर प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या एका यंत्राऐवजी पाच यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजायला लागल्या. निम्म्या मागितल्या होत्या, मिळाली पाच. २०२४च्या एप्रिलमध्ये न्यायमूर्ती संजीव खन्ना आणि दीपांकर दत्ता यांनी शंभर टक्के मोजणीची मागणी फेटाळली, पण दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रं तपासून मागता येतील असा दरवाजा उघडून दिला. आयोगानं त्याचा दर लावला, एका यंत्रसंचाला जीएसटीसकट ४७,२०० रुपये. वर तपासणी म्हणजे काय, तर पुन्हा मॉक पोल! माणूस म्हणतो माझ्या बायकोचे दागिने मोजा आणि सराफ म्हणतो तराजू चालतोय हे बघा, नवीन वजन टाकून दाखवतो. शेवटी पुढच्या वर्षी कोर्टाला सांगावं लागलं की बाबांनो, आतला डेटा पुसू नका.

त्याच २०२४च्या निकालपत्रात एक गोष्ट आहे, ती वाचून मी खुर्चीतून उठलो होतो. आयोगानं कोर्टाला सांगितलं की आजवर चार कोटींहून जास्त चिठ्ठ्या मोजल्या आणि तफावत सापडली ती एका ठिकाणी, आंध्रातल्या मैदुकूरला, २०१९मध्ये. कारण? केंद्राध्यक्षानं मॉक पोलची मतं पुसली नव्हती. मंडळी, तो मीच होतो! पाच वर्षांच्या अंतरानं आणि दुसऱ्या राज्यात, पण मीच. त्याच्या केंद्रावर तो म्हातारा नव्हता, एवढाच फरक.

मी भौतिकशास्त्राचा मास्तर आहे, त्यामुळे यंत्राबद्दलही दोन शब्द. कंट्रोल युनिटला अँटेना नाही, ते इंटरनेटला जोडलेलं नाही. अमेरिकेत बसून कुणी ते फिरवतो वगैरे कथा सोडून द्या. पण यंत्र हाती लागलं तर? २०१०मध्ये हैदराबादच्या हरिप्रसाद यांनी दोन परदेशी संशोधकांना घेऊन दाखवून दिलं की खऱ्या यंत्रात आतला भाग बदलून निकाल फिरवता येतो. ते यंत्र कुठलं होतं माहितीये? मुंबईचं. जिल्हाधिकाऱ्यांच्या ताब्यातल्या गोदामातून गेलेलं. हरिप्रसादांना अटक झाली. यंत्र बाहेर कसं गेलं हा प्रश्न त्या अटकेखाली गाडला गेला. आणि व्हीव्हीपॅट आल्यापासून उमेदवारांची चिन्हं बाहेरून त्यात भरावी लागतात, निवडणुकीच्या थोडे दिवस आधी. शंका मिटवायला आणलेल्या पेटीनं शंकेला एक नवीन फट दिली. कोर्टानं चिन्हं भरायचं ते उपकरणही ४५ दिवस सीलबंद ठेवायला सांगितलं, ते यासाठी.

मग कोर्टानं करावं काय? हरयाणात काय झालं ते सांगतो. पानिपत जिल्ह्यात बुआना लाखू नावाचं गाव आहे. २०२२च्या नोव्हेंबरात तिथे सरपंचाची निवडणूक झाली. एका केंद्रावर दोन उमेदवारांच्या मतांची कागदावर अदलाबदल झाल्याची तक्रार आली. लवाद, हायकोर्ट असं करत प्रकरण दिल्लीला पोचलं. आणि सर्वोच्च न्यायालयानं, बघा हं, सगळी यंत्रं दिल्लीला मागवून घेतली. ६ ऑगस्ट २०२५ला कोर्टाच्याच आवारात, दोन्ही बाजूंसमोर, व्हिडिओ चित्रण करत मोजणी केली. एकूण मतं ३,७६७. हरलेला म्हणून घरी पाठवलेल्या उमेदवाराला १,०५१ आणि सरपंच म्हणून बसलेल्याला १,०००. निकाल उलटला. यंत्रानं तीन वर्षं खरा आकडा पोटात सांभाळून ठेवला होता, चुकलेला होता तो माणसांचा कागद.

ती यंत्रं उघडली म्हणून आभाळ कोसळलं नाही, उलट यंत्राची अब्रू वाढली. एका सरपंचपदासाठी हे करता येतं. आपल्याकडे मात्र मारकडवाडीला काय झालं? माळशिरस तालुक्यातलं ते गाव. तिथले उत्तमराव जानकर आमदार म्हणून निवडून आलेले, पण आमच्या गावात मतं कमी कशी, असं त्यांच्या लोकांचं म्हणणं. म्हणजे जिंकलेल्याची शंका, 'हरले म्हणून रडतात' ही सबबसुद्धा नाही. गावकऱ्यांनी स्वखर्चानं मतपत्रिका छापून पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं. कायद्यात त्याला काही अर्थ नाही, ते बरोबरच. पण प्रशासनानं जमावबंदी लावली, पोलीस उतरवले, मतदान होऊ दिलं नाही. त्याऐवजी गावातल्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या चावडीत बसून मोजून दाखवल्या असत्या तर? दुपारच्या जेवणापर्यंत विषय संपला असता. नियमात बसत नाही म्हणतात. नियम कुणी केले?

जर्मनीत हा खटला हरलेल्या उमेदवारानं केलाच नव्हता. वडील राज्यशास्त्राचे अभ्यासक, मुलगा भौतिकशास्त्रज्ञ. दोन साधे मतदार. २००५च्या निवडणुकीतल्या यंत्रांवर त्यांनी दाद मागितली. तिथल्या घटना न्यायालयानं २००९मध्ये ती यंत्रं घटनाबाह्य ठरवली. निवडणूक रद्द केली नाही, कारण घोटाळ्याचा पुरावा कुणाकडेच नव्हता. मतमोजणीचे मुख्य टप्पे सामान्य नागरिकाला तज्ज्ञाची मदत न घेता पडताळता आले पाहिजेत, एवढंच कोर्टानं धरून ठेवलं. आपल्याकडे कोर्ट विचारतं, घोटाळ्याचा पुरावा कुठाय? तिथे विचारलं, पुरावा शोधायचा मार्ग कुठाय? मला दुसरा प्रश्न योग्य वाटतो. आपल्याला त्यासाठी यंत्रं फेकून द्यायची गरज नाही. चिठ्ठ्या छापलेल्याच आहेत, मोजायच्या तेवढ्या राहिल्यात.

परवाच्या महापालिका निवडणुकीत मी मत द्यायला गेलो. ड्युटीवर नाही, मतदार म्हणून. चार सदस्यांचा प्रभाग, चार बटणं. स्थानिक निवडणुकांना व्हीव्हीपॅट नाही हे मी पेपरात वाचलं होतं, तरी सवयीनं मान डावीकडे वळली. लोकसभेला तिथे एक काळसर काच असते, आतला दिवा लागतो, सात सेकंद आपलं चिन्ह दिसतं आणि चिठ्ठी पेटीत पडते. शेवटचं बटण दाबलं, लांब शिट्टी वाजली. काचेच्या जागी भिंत होती. त्या भिंतीवर शाळेतल्या पोरांनी काढलेला बाराखडीचा तक्ता होता. मागून केंद्राध्यक्ष म्हणाले, "आजोबा, झालं तुमचं." मी म्हटलं, "हो, झालं असेल."