उत्परिवर्तित गहू: झाड निवडायचं कशावरून?

(दृश्य: अकोल्याकडचं काळ्या मातीचं वावर. फेब्रुवारी. पिवळ्या पडू लागलेल्या ओंब्या.)

दुरून पाहिलं तर सगळा गहू एकाच पेऱ्याचा वाटतो. आत शिरलं की एका ओळीतलं झाड दुसरीतल्याशी जुळत नाही. एक गुडघ्याएवढं, शेजारचं कमरेला लागणारं. कुठं ओंबीला कुसळच नाही, तर कुठं गहू आठ दिवस आधीच निसवलेला, म्हणजे ओंबी बाहेर आलेला. बियाण्याला गॅमा किरणं देऊन पेरलेल्या गव्हाची ही तिसरी पिढी.

किरणांनी जनुकांत बदल, म्हणजे उत्परिवर्तन घडवायचं आणि त्यातून कामाचं झाड निवडायचं, हा मार्ग नवा नाही. मेक्सिकोहून आलेला सोनोरा-64 लाल दाण्याचा. आपल्याकडं तो कुणाला रुचेना. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एम. एस. स्वामिनाथन आणि सहकाऱ्यांनी किरणांच्या मदतीनं त्यातून पिवळसर दाण्याचा शरबती सोनोरा काढला. तो 1967 साली प्रसारित झाला. विदर्भातल्या शेतकऱ्याला टीएयू-1 उडीद आणि टीएजी-24 भुईमूग ठाऊक आहेतच. ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांच्या जोडकामातून ते आले.

गहू मात्र हट्टी. 42 गुणसूत्रं, त्यांचे तीन गट. एका गटातल्या जनुकात बिघाड झाला, तरी उरलेल्या दोन गटांतली तशीच जनुकं वेळ मारून नेतात. म्हणून हजारो झाडं पाहावी लागतात, आणि कुठल्या पिढीत काय पाहायचं तेही ठरलेलं असतं. पहिल्या पिढीतलं खुरटेपण बहुतेक किरणांच्या इजेचं. तिथं निवड करत नाहीत. खरा वेगळेपणा दुसऱ्या पिढीपासून दिसतो.

(दृश्य: पाटाच्या कडेचं झाड.)

"मॅडम, हे पाहा न, केवढे फुटवे हायेत याले!"

निवड करणाऱ्या संशोधक मॅडम झाड पाहतात, पण निवडीची चिठ्ठी बांधत नाहीत. पाटाच्या कडेला पाणीही जास्त आणि जागाही मोकळी. फुटवे तिथं कुणालाही येतात. पुढच्या पिढीत ते उतरतीलच असं नाही. एकेका झाडाच्या उताऱ्याचंही तसंच, त्यावर भिस्त ठेवता येत नाही. उंची, निसवण्याचे दिवस आणि हजार दाण्यांचं वजन या गोष्टी त्यामानानं पिढीमागून पिढी टिकतात.

(दृश्य: तळहातावर चोळलेली ओंबी. फुंकर. भूस उडतं.)

लांब ओंबीवर भाळायचं नाही. समजा, एका ओंबीत 60 दाणे आहेत, पण हजार दाण्यांचं वजन 28 ग्रॅम. म्हणजे ओंबीमागे 1.68 ग्रॅम. दुसरीत 45 च दाणे, पण हजारी वजन 40 ग्रॅम, हिशेब 1.8 ग्रॅमवर जातो. दाण्यांची संख्या वाढली की वजन उतरतं, हा गव्हाचा स्वभाव. दोन्ही सांभाळणारं झाड क्वचित सापडतं, आणि शोध त्याचाच असतो.

विदर्भात तर हजारी वजनाला जास्तच मान द्यावा. कपाशी निघाल्यावर डिसेंबरात पेरलेला गहू चिकात, म्हणजे दाणा अजून दुधाळ असतानाच ऊन तापतं. मार्चात पारा पस्तिशीपार गेला की दाणा पोचट राहतो. इथं लवकर निसवणारं, आखूड, न लोळणारं झाडच कामाचं. पेंढी तोलतात तेव्हा एकूण वजनात दाण्याचा वाटा किती, हेही लिहून घेतात. नुसत्या काडानं पोतं भरत नाही.

आज चिठ्ठी बांधलेल्या झाडांचं बी वेगवेगळ्या पुड्यांत जाईल. पुढं बी पुरेसं झालं की प्रत्येक पुडीचे दोन भाग होतील: एक नोव्हेंबरात पेरायचा, एक डिसेंबरात, आणि शेजारी नेहमीचा वाण. उशिराच्या पेऱ्यात ज्याचं हजारी वजन सर्वांत कमी घसरेल, तोच पुढच्या उताऱ्याच्या चाचणीत जाईल.