वीस वर्षं शिळं राजकारण

श्रोतेहो, नमस्कार.

केंब्रिज म्हटलं की आपल्याला रामानुजन आठवतात, रँग्लर परांजपे आठवतात. आज मात्र गणित राहू द्या. तिथल्या वादसभेची गोष्ट सांगतो.

१८१५ साली विद्यार्थ्यांची तीन छोटी मंडळं एक झाली, म्हणून नाव पडलं ‘युनियन’. संपबिंपाशी त्याचा काही संबंध नाही. दोन वर्षं होतात न होतात तोच विघ्न आलं. नेपोलियनशी चाललेली युद्धं संपली होती, पण महागाई आणि दंगलींनी इंग्लंड अस्वस्थ होतं. सरकारधार्जिण्या वडीलधाऱ्यांना पोरांच्या वादविवादाचीही धास्ती. मार्च १८१७ मध्ये भर सभेत प्रॉक्टर, म्हणजे विद्यापीठाचे शिस्त अधिकारी, येऊन उभे राहिले. कुलगुरूंचा हुकूम होता, सभा बंद करा! अध्यक्ष होता विल्यम ह्यूएल. त्याने शांतपणे सांगितलं, की बाहेरच्या मंडळींनी कृपया बाहेर जावं, निरोपावर सभा विचार करील. काय हा थंडपणा! ‘सायंटिस्ट’ हा इंग्रजी शब्द पुढे यानेच घडवला आणि गंमत म्हणजे नंतर कुलगुरूही तोच झाला.

हुकूम मात्र टळला नाही. वाद पुन्हा सुरू झाले ते १८२१ साली, तेही एका अटीवर: गेल्या वीस वर्षांतलं राजकारण काढायचं नाही. मग काय, बोलायचं आजचंच, पण नाव घ्यायचं जुन्या प्रधानाचं. आपल्या शिक्षणावर शिक्का मारून गेलेला मेकॉले याच सभेत बोलायला शिकला.

एवढी मोकळी म्हणवणारी ही सभा, पण बायकांना सभासद व्हायला १९६३ उजाडलं. चारच वर्षांनी अ‍ॅन मॅलॅल्यू पहिली स्त्री अध्यक्ष झाली. त्याआधी, १९६५ साली, अमेरिकेच्या वैभवाची किंमत काळ्या माणसांनी मोजली का, यावर इथेच वाद रंगला. लेखक जेम्स बाल्डविन यांची बाजू ५४४ विरुद्ध १६४ मतांनी जिंकली.

आता एक आपल्या घरची गोष्ट. युनियनखेरीज कॉलेजांच्याही छोट्या वादसभा असत. ट्रिनिटी कॉलेजातल्या अशाच एका सभेचा नियम होता, की अख्ख्या सत्रात एकदाही न बोलणाऱ्याने दंड भरायचा. १९०७ ते १९१० या काळात तिथे शिकणारा एक हिंदी विद्यार्थी बोलायला इतका बुजायचा, की बऱ्याचदा मुकाट दंड भरून मोकळा व्हायचा. स्वतःच्या आत्मचरित्रात त्याने ते कबूलही केलंय. त्याचं नाव जवाहरलाल नेहरू.

नमस्कार.