विष मातीतच कोंडायचं तर

नमस्कार श्रोतेहो. शेतातल्या मातीत शिरलेल्या शिसं आणि कॅडमियमला वेसण घालतो बायोचार, म्हणजे शेतीसाठी मुद्दाम पाडलेला कोळसा. तो आजचा विषय. पण त्याआधी जपानला जाऊन येऊ, ही हकिकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

तोयामा प्रांत, जिंझू नदीचं खोरं. नदीच्या वरच्या अंगाला कामिओकाची जस्ताची खाण. खाणीचं सांडपाणी नदीत, नदीचं पाणी भातखाचरांत, आणि भात ताटात. १९४६ साली डॉक्टर नोबोरु हागिनो युद्धावरून घरच्या दवाखान्यात परतले, तर समोर कण्हणाऱ्या बायका. बहुतेक प्रौढ, लेकुरवाळ्या. हाडं अशी, की जोराची ढास लागली तरी बरगडी मोडावी. एकीच्या अंगात तर ७२ ठिकाणी हाडं मोडलेली निघाली. कोणी म्हणे आबाळ, कोणी म्हणे बाळंतपणं आणि कष्ट. बाईचं दुखणं म्हटलं की निदान आधीच ठरलेलं, आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? असो. हागिनोंच्या लक्षात आलं, दुखणं जिंझूच्या पाण्यावर पिकणाऱ्या गावांतच आहे. त्यांनी खाणीकडे बोट दाखवलं, तर लोकांनी टर उडवली. १९६१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कॅडमियमचं नाव घेतलं. सरकारने ते मानलं १९६८ मध्ये. आणि शेतं? ती पूर्ववत करायचं काम १९७९ ते २०१२ चाललं. दूषित थर गाडायचा, वर स्वच्छ माती पसरायची, एका खाचरामागून दुसरं.

एवढा खर्च आपल्यातल्या कोणाला झेपणार? म्हणून बायोचार. पऱ्हाटी, तुराटी, काड कमी हवेत जाळलं की राख न होता कोळसा पडतो. त्याला असंख्य बारीक छिद्रं, शिवाय तो मातीचा आम्लपणा कमी करतो. शिसं, कॅडमियम तिथे धरून ठेवलं जातं, मुळांच्या हाती कमी लागतं. नीट ऐका: विष जात नाही, अडकून पडतं. अडकून पडतं, जात नाही. तेव्हा अधूनमधून पिकाची तपासणी आलीच.

चीनमध्ये यीशिंगच्या भातशेतीत २००९ साली गव्हाच्या काडाचा कोळसा हेक्टरी ४० टन घातला, तेव्हा तांदळातलं कॅडमियम पहिल्याच वर्षी सुमारे ४५ टक्क्यांनी उतरलं. तांदूळ सात पाण्यांनी धुऊन हे साधत नाही, ते दाण्याच्या आत असतं. तांदळावरून आठवलं, पेज काढलेल्या भाताची सर कुकरच्या भाताला नाही, कोणी काही म्हणो.

आर्सेनिक असेल तर मात्र सांभाळा. पाणी साचलेल्या शेतात कोळशाने ते आणखी सुटं होऊ शकतं. म्हणून आधी माती तपासा, मग कोळसा. आणि भट्टीत जुनी रंगवलेली दारं-खिडक्या घालू नका; जुन्या रंगातलं शिसं कोळशातून पुन्हा शेतातच जाईल. नमस्कार.