पाळणे, दोरा आणि नवतपा

[दृश्य: अमरावती रोड, सकाळ. गाडीच्या खिडकीत दुपट्ट्यांत गुंडाळलेले चेहरे. मागे पिवळं पडलेलं रान.]

नवतपा लागलाय. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि पुढचे नऊ दिवस नागपूरकर सगळी कामं उन्हाला विचारून करतात. २०१३ साली २३ मेला या शहरानं ४७.९ अंश सेल्सिअस पाहिलंय. या उन्हापायीच विदर्भातल्या शाळा बाकीच्या महाराष्ट्रानंतर, जून संपता संपता उघडतात. एवढ्या लांबलचक सुट्टीत घरातल्या पोट्ट्यांना न्यायचं कुठं, तर वॉटर पार्कला.

ही मुलं नागपूरच्या महाल भागातल्या एका शिकवणीची. आठवी-नववीतली. सोबत त्यांच्या गणिताच्या ताई. पिशवीत टॉवेल आणि डबे आहेतच, पण कोनमापक, शिवणाचा दोरा, सायकलच्या दुकानातून आणलेले नट, मोजायचा टेप, प्रयोगशाळेतला थर्मामीटर आणि काच तडकलेला एक जुना फोनसुद्धा आहे. शिवाय प्रत्येकाच्या खिशात घरून दिलेला एकेक कांदा. उन्हावर कांदा कसा काम करतो, याबद्दल ताईंनी मुत्सद्दीपणे मौन पाळलंय.

[दृश्य: पार्कचं फाटक. मुलं पळत सुटतात. ताई हाका मारताहेत.]

ताईंनी दिवसभरासाठी एकच अट घातली आहे. झुल्यावरून उतरलं की आधी अंगाला काय वाटलं ते सांगायचं, मग ते कशामुळे झालं असेल ते सांगायचं, आणि मगच मोजायचं. पहिल्या गोष्टीत मुलं सहसा चुकत नाहीत. दुसरीत मात्र जवळजवळ दर वेळी चुकतात. त्यात त्यांचा दोष नाही, आपलं अंगच तसं आहे.

[दृश्य: साखळ्यांना टांगलेल्या खुर्च्यांचा गोल झुला. फिरायला लागतो, खुर्च्या बाहेर फेकल्या जातात.]

साखळ्यांचा झुला फिरू लागला की खुर्च्या बाहेर झुकतात. उतरलेला मुलगा सांगतो, "ताई, कोणीतरी बाहेर ढकलून राहिलं असं वाटलं." वाटलं हे खरं. पण बाहेर ढकलणारं तिथे कोणी नाही. अंगाला सरळ रेषेत निघून जायचंय आणि साखळी त्याला सारखी आत ओढतेय. या ओढाताणीत खुर्ची अंगाला आतल्या बाजूला रेटते आणि आपण म्हणतो, मी बाहेर फेकलो गेलो.

इथे एक पैज लागली. वर्गातला सगळ्यात दणकट मुलगा जास्त बाहेर झुकेल की सगळ्यात बारीक मुलगी? निम्मी मुलं म्हणाली, जड माणूस जास्त फेकला जाणार. उरलेली म्हणाली, हलकं आहे तेच उडणार. व्हिडिओ काढला, चित्र थांबवलं आणि पडद्यावर पट्टी ठेवली.

[दृश्य: थांबवलेलं चित्र. दणकट मुलगा, बारीक मुलगी, त्यांच्यामध्ये एक रिकामी खुर्ची. तिन्ही साखळ्या समांतर.]

तिघांचा कोन एकच. यातली तिसरी तर रिकामी खुर्ची आहे! मुलाचं वजन जास्त, तसंच त्याला वळवत ठेवायला लागणारा जोरही त्याच प्रमाणात जास्त. गणित मांडलं की वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटतं. उरतो तो वेग, त्रिज्या आणि गुरुत्व. साधारण ६ मीटर त्रिज्या आणि ५ सेकंदांत एक फेरी धरली, तर वेग येतो सेकंदाला साडेसात मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटर. कोन निघतो जवळपास ४५ अंश. आणि ४५ अंशांवर साखळीला पेलावं लागतं वजनाच्या वर्गमूळ दोन पट, म्हणजे ४० किलोच्या मुलामागे ५६ किलो. वर्गमूळ दोन कुठे कामाला येतं म्हणून नववीत विचारणारा मुलगा याच साखळीला लटकला होता.

[दृश्य: कोलंबस नावाच्या होडीसारख्या झुल्याची रांग. चार मुलांनी दुपट्ट्याची चार टोकं धरलीत.]

कोलंबसला मोठी रांग आहे, तेवढ्यात फोनची ओळख करून घेऊ. त्यात फायफॉक्स नावाचं ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालेलं आणि फुकट मिळणारं. आजकालच्या फोनमध्ये त्वरण, म्हणजे वेग किती झपाट्यानं बदलतो ते, मोजणारा बारीकसा संवेदक असतो. पडदा फिरवला की चित्र फिरतं, ते त्याच्यामुळेच.

फोन बाकावर नुसता ठेवला. किती दाखवेल? "शून्य," सगळे एका सुरात. दाखवतो ९.८. मुलं चक्रावतात. फोन तर हलतसुद्धा नाहीये!

आता तोच फोन खांद्याच्या उंचीवरून, दुपट्ट्याच्या सव्वा मीटर वर धरून सोडला. धप्. पडद्यावरची रेघ ९.८ वरून निघाली, एकदम शून्याजवळ बसली, अर्धा सेकंद तिथेच राहिली, मग दुपट्ट्याचा दणका. खाली पडत असताना फोन म्हणतो शून्य, आणि बाकावर स्वस्थ पडला की म्हणतो ९.८.

याचं उत्तर ताई सांगत नाहीत, एका मुलीला बाकावर बसवतात. "आत्ता तुला काय जाणवतंय? पृथ्वीची ओढ, की बाक?" मुलगी थोडा वेळ थांबून म्हणते, "बाक." हेच ते. पृथ्वीची ओढ अंगाच्या कणाकणाला सारखीच लागते, ती जाणवत नाही. जाणवतो तो बाकाचा, जमिनीचा, खुर्चीचा वरच्या दिशेचा रेटा. आपण ज्याला वजन वाटणं म्हणतो ते हे, आणि फोन मोजतो तेही हेच. खुर्चीनं रेटा काढून घेतला की पोटात गोळा येतो.

[दृश्य: कोलंबस. लाकडी होडीसारखा रंगवलेला प्रचंड झुला टोकाला पोचतो. किंकाळ्या.]

मग आला कोलंबस. खरं म्हणजे लोलकच, फक्त माणसांनी भरलेला. जमिनीजवळ होडीच्या पोटाला घासून फिरणारं एक टायर आहे, त्याच्याकडे पोरांचं लक्ष जात नाही. मोटर ते टायर बरोबर लयीत फिरवते, होडी जायला निघाली की थोडा धक्का, परत आली की उलटा धक्का. एका दणक्यात एवढी होडी वर नेणारी मोटर फार मोठी लागली असती. लय साधली की छोटीवर भागतं. ब्रेकसुद्धा तेच टायर लावतं.

रांगेतल्या मुलांनी घड्याळ लावलं. एक टोक गाठून परत त्याच टोकाला यायला सुमारे ६ सेकंद. पृथ्वीवर लोलकाचा हिशेब फार सोयीचा आहे: सेकंदांचा वर्ग करा, चारनं भागा, दोरीची लांबी मीटरमध्ये मिळते. छत्तीस भागिले चार, नऊ. म्हणजे वरच्या आसापासून होडीपर्यंत अंदाजे नऊ मीटर, शिडी न लावता. हे सूत्र लहान हेलकाव्यांसाठी आहे. ६० अंशांपर्यंत झुललं तर एका हेलकाव्याला सुमारे सात टक्के जास्त वेळ लागतो आणि लांबी उगाच मोठी निघते. म्हणून ताईंनी शेवटचे, मंदावलेले हेलकावे मोजायला लावले. होडीत माणसं भरलेली असोत की नसोत, वेळेत नाव घेण्याजोगा फरक पडत नाही.

फोन एका मुलीच्या चेनवाल्या खिशात बंद करून वर पाठवला. ती खाली आली ती डोळे मोठे करूनच. "ताई, खाली येऊन राहिलो तेव्हा कोणी मांडीवर बसल्यासारखं झालं, आन् वर टोकाला गेलो की मी हायच नाही!"

आलेखही अगदी हेच म्हणतो. होडी ६० अंशांवरून सुटली, तर तळाशी खुर्ची दुप्पट रेटते. ४० किलोच्या मुलीला ८० किलो वाटतात. टोकाला, क्षणभर थांबताना, निम्मे, २० किलो. गंमत म्हणजे यात लांबी कुठेच येत नाही. नऊ मीटरचा कोलंबस असो की अंगणातला झोका, ६० अंशांवरून सोडला तर तळाशी दुप्पटच. आणि हे झालं होडीच्या मध्यावर बसणाऱ्यांचं. मागच्या टोकाला बसणारा याहून कितीतरी वर जातो, तिथे खुर्ची जवळजवळ काहीच रेटत नाही. "मागं बस, मजा येते" हा नागपुरातल्या मोठ्या भावांचा सल्ला शास्त्रशुद्ध आहे.

[दृश्य: डॅशिंग कार. छताच्या जाळीवर ठिणगी.]

डॅशिंग कारला फार वेळ देत नाही. छताला तारेची जाळी, खाली लोखंडी फरशी, गाडीची दांडी दोघांना जोडते आणि विजेची वाट पूर्ण होते. टक्कर होताना रबर दबतं, धक्का थोड्या जास्त वेळात वाटला जातो, म्हणून दणका सोसवतो. बाकी तिथे शिकणं कमी आणि भांडणं जास्त.

[दृश्य: भर दुपार. आकाशपाळण्याखाली उभी केलेली काठी.]

आकाशपाळण्याची उंची काढायचीय. पुस्तकात सावलीची रीत दिली आहे: काठीची सावली, पाळण्याची सावली, समरूप त्रिकोण, झालं. मुलांनी काठी रोवली, टेप काढला, आणि सावलीच सापडेना. "ताई, सावली कुठं गेली?"

[दृश्य: काठी वरून. बुडाशी एक काळा ठिपका.]

नागपूर २१ अंश अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या थोडं खाली आहे. २६ मेच्या आसपास दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमाराला सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. बाराला का नाही? आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आहे, नागपूर त्याच्या पश्चिमेला, साधारण ७९ वर. सूर्य इथे थोडा उशिरा पोचतो. ही शून्य सावली जुलैच्या मध्यातही पुन्हा येते, पण तेव्हा पावसाचे ढग ती बघू देतील तर शपथ. नवतप्याचं ऊन इतकं का भाजतं, याचं निम्मं उत्तर या ठिपक्यात आहे: किरणं तिरपी पसरत नाहीत, सरळ टाळूवर येतात. ताईंनी ही वेळ मुद्दाम साधली होती, असा माझा दाट संशय आहे.

मग निघाला कोनमापक. मध्याला दोरा, दोऱ्याला नट. सरळ कडेवरून पाळण्याचं टोक बघायचं, दोरा कुठे आलाय ते मैत्रिणीनं वाचायचं. पाळण्यापासून ४० मीटरवर कोन आला ३० अंश. टॅन म्हणजे उंची भागिले अंतर. टॅन ३० म्हणजे ०.५७७, गुणिले ४०, झाले २३. त्यात डोळ्यांची उंची मिळवली की साडेचोवीस मीटर. दुसऱ्या गटाला त्याच जागेवरून ३२ अंश मिळाले आणि उंची निघाली २६ च्या पुढे. कोण बरोबर, यावर भांडण. गरम वाऱ्यानं नट सारखा डुलत होता. शेवटी सगळ्यांनी आळीपाळीनं कोन वाचले आणि सरासरी काढली.

शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या इंजिनिअरनं उभारलेला पहिला मोठा पाळणा २६४ फुटी होता. ३६ डबे, एकेका डब्यात ६० माणसं. एका वेळी किती बसत, हे रांगेतल्या सगळ्यात लहान मुलानं तोंडी काढलं: २१६०.

[दृश्य: पाण्याकडची बाजू. गर्दी, गोंगाट. तलावातून बाहेर आलेला मुलगा टॉवेलात कुडकुडतोय.]

आणि आता, ज्यासाठी सगळे खरे आलेत ते पाणी. या मुलाकडे बघा. हवा ४४ अंश, आणि याचे दात वाजताहेत. "पाणी लय थंड हाय," तो म्हणतो. थर्मामीटर पाण्यात बुडवला. आकडा ३० च्या वर. पाणी कोमटच आहे.

ताईंनी थर्मामीटरच्या फुग्याला ओला रुमाल गुंडाळला आणि उघड्यावर धरला. पारा उतरू लागला. ४०, ३५, ३०. हवेत आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असेल, तर ४४ अंशांच्या हवेत ओला थर्मामीटर २३-२४ पर्यंत खाली येतो. तलावाच्या पाण्याहूनही थंड! अंगावरचं एक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातं. तेच एक ग्रॅम एका अंशानं तापवायला जेमतेम ४.२ ज्यूल पुरतात. कुडकुडवतंय ते तलावातलं पाणी नव्हे, अंगावरून उडून जाणारं पाणी. नागपुरातल्या घराघरांतला खसचा कूलर याच हिशेबावर चालतो. जुलैत हवा ३२ अंशांवर येते, पण आर्द्रता ८० टक्के झाली की ओला थर्मामीटर २९ च्या खाली जायला तयार नसतो. तेव्हा तोच कूलर नुसती चिकचिक करतो.

[दृश्य: कपडे बदलायच्या खोल्यांबाहेर उभा पंखा. मुलं त्याच्यासमोर रांगेनं.]

एका मुलीला शंका आली. पंख्यानं हवा थंड होते ना? "धरून बघ," ताई म्हणाल्या. कोरडा थर्मामीटर पंख्यासमोर धरला. ४४. एक मिनिट, दोन मिनिटं, पारा जागचा हलेना. रुमाल ओला केला, पारा भराभर खाली. पंखा हवा थंड करत नाही, फक्त घाम लवकर उडवतो. माणूस नसलेल्या खोलीत तर त्याच्या मोटरची गरमी तेवढी खोलीत भरते.

ऐकून मागून एक आवाज आला, "म्हणजे रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवला की आजी ओरडते, ते बरोबरच हाय ना बे!"