शेगडी बघून वोक घ्या
(इंदूरमधल्या एका महिला मंडळातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

घरी चायनीज परतायला वोक, म्हणजे चिनी पद्धतीची पसरट कढई, घ्यायचा तर भांड्याआधी शेगडीचं बोलू. घरच्या गॅसचा मोठा बर्नर साधारण २ किलोवॅटचा असतो. चायनीज हॉटेलात वोकखाली जी भट्टी भणभणत असते ती २०-३० किलोवॅटची, कधी त्याहूनही तगडी. आता हिशेब मांडा. उकळत्या १०० ग्रॅम पाण्याची पूर्ण वाफ व्हायला सुमारे २२६ किलोज्यूल उष्णता लागते. आपल्या बर्नरची समजा ६० टक्के उष्णता भांड्यात शिरली, तरी तीन मिनिटं गेली. हॉटेलात बरीच उष्णता वाया जाऊनही अर्ध्या मिनिटाच्या आत काम होतं. कोबी, सिमला मिरची, मश्रूम म्हणजे पाणीच पाणी. ढीगभर भाजी एकदम टाकली की ते सुटतं, आणि ते आटेपर्यंत भाजी १०० अंशांच्या वर तापत नाही. खरपूस व्हायला १४०-१५० अंश तरी लागतात. घरचे नूडल्स उकडल्यासारखे लागतात ते यामुळे. सॉसच्या बाटल्या बदलून काही होत नाही.

तेव्हा भांडं असं हवं की ते रिकामं कडकडीत तापेल, भाजी पडल्यावर पुन्हा चटकन तापेल आणि वाफ कोंडणार नाही. आपली नेहमीची कढई खोल, भिंती उभ्या. तळणीला ती उत्तम, पण परतायला वाफ आतच घुटमळते. वोक उथळ आणि कडेला पसरट. चार-पाच माणसांच्या घराला १४ इंची, म्हणजे ३५ सेंटिमीटरचा, पुरतो.

आता धातू. नॉनस्टिकचा विचार सोडून द्या. त्याचा थर २६० अंशांच्या पुढे बिघडायला लागतो, आणि मोठ्या आचेवर रिकामं भांडं तिथवर पोचायला काही मिनिटं पुरतात. त्यातून निघणारा धूर पक्ष्यांना तर मारक असतो. घरात पोपट असेल त्यांनी विशेष ऐकावं. आजीची कल्हईची पितळी कढईही यासाठी काढू नका. कल्हई म्हणजे कथील, ते २३२ अंशांना वितळतं. वरण-भाजीत पाणी असतं म्हणून ते टिकतं. रिकामं तापवलंत तर कल्हई ओघळून जाईल. स्टेनलेस स्टीलला उष्णता पसरवायचा कंटाळा. बिडाची कढई उष्णता धरून ठेवते हे खरं, पण तापायला वेळ घेते, आच कमी केली तरी ऐकत नाही, आणि धुताना मनगट दुखतं.

राहतो तो कार्बन स्टीलचा, म्हणजे साध्या पोलादी पत्र्याचा वोक, पत्रा दीड ते दोन मिलिमीटर. याहून पातळ पत्रा भाजी पडताच गार होतो. दुकानात गेज सांगतात: १६ गेज म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर, १४ म्हणजे २. आकडा लहान तितका पत्रा जाड, इथे बरेच जण फसतात. वोक शब्द छापलेलं खोकंच हवं असं नाही. आपल्या बर्तन बाजारात हलवायांसाठी लोखंडी पत्र्याच्या कढया असतात. त्यातली उथळ, पसरट बघून घेतलीत तर काम तेच होतं, आणि पैसेही कमी.

बूड गोल की सपाट? इंडक्शन असेल तर सपाटच. आपल्या गॅसच्या जाळीवर गोल बूड बऱ्यापैकी बसतं, पण आधी टेकवून बघा, डगमगत असेल तर नको. वोकखाली ठेवायची कडी मात्र घेऊ नका. भांडं ज्वाळेपासून उंच जातं. लांब दांडीचा मोहही मला पटत नाही. हवेत भाजी उडवणं बघायला छान, पण तेवढा वेळ भांडं आचेवरून दूर असतं. दोन कान आणि हातात उलथणं, बस.

नवा वोक आणल्यावर गंजरोधक तेल साबणाने, गरम पाण्याने घासून काढा. मग खिडकी उघडी ठेवून निळसर होईपर्यंत तापवा, अगदी पातळ तेल चोळा, धूर निघू द्या, पुसा, पुन्हा चोळा. असा तेलाचा थर बसतो. तेलाचा हात जड झाला तर थर चिकट होतो. नंतर वापरून वापरून तो काळा होत जातो. धुतल्यावर आचेवर कोरडा करायचा, पाण्यात भिजत टाकायचा नाही. टोमॅटो, चिंच, व्हिनेगर घालून तासभर शिजवलंत तर थर निघेल. शेवटी चमचाभर सॉस फिरवल्याने काही बिघडत नाही.

एका काकूंनी विचारलं, दहा माणसांना कसं करायचं? घाणे काढा. एका वेळी दोन मुठी भाजी, मध्ये वोक पुन्हा धुरावेपर्यंत तापू द्या, शेवटी सगळं एकत्र करून सॉस. झाकण कधीच नाही. तेल रिफाइंड शेंगदाण्याचं घ्या, लाकडी घाण्याचं तेल लवकर धुरावतं.

आणि हो, पोह्यांचं विचारलंत. आपले इंदुरी पोहे वाफेवरचे. त्यांना पातेलं आणि झाकणच हवं.