बरणीचं झाकण आणि सर्व्हेचा फॉर्म

अपंगत्वावरच्या रिसर्चच्या अडचणी म्हटलं की फंडिंग, सॅम्पल साइझ, एथिक्स कमिटी हेच रडगाणं सुरू होतं, आणि ते खोटं नाहीये, पण मला आज त्याच्या आधीचं बोलायचंय, म्हणजे फॉर्म छापायच्या आधीच जे ठरून गेलेलं असतं ते.

1980 च्या दशकात ब्रिटनमध्ये अपंगत्वाचा मोठा सरकारी सर्व्हे झाला. त्यात एक प्रश्न साधारण असा होता: तुमच्या कुठल्या तक्रारीमुळे तुम्हाला वस्तू धरायला, पकडायला, फिरवायला त्रास होतो? माइक ऑलिव्हर, स्वतः व्हीलचेअर वापरणारे समाजशास्त्रज्ञ, त्यांनी 1990 मध्ये हाच प्रश्न फिरवून दाखवला: बरण्या, बाटल्या, डबे यांच्या डिझाइनमध्ये काय चुकलंय म्हणून तुम्हाला ते धरायला, फिरवायला त्रास होतो? हात तोच, बरणी तीच. पण पहिल्या प्रश्नावर माणूस आपलं दुखणं सांगत बसतो आणि दुसऱ्यावर थेट झाकणाकडे बोट दाखवतो. आता पहिल्या प्रश्नाच्या डेटावर तुम्ही कितीही भारी सॉफ्टवेअर चालवा, झाकण काही सापडणार नाही, कारण त्याला फॉर्ममध्ये रकानाच नव्हता ना!

त्याच्याही आधीचा किस्सा ल कोर्टचा. हॅम्पशायरमधलं हे अपंगांचं निवासी केंद्र, आणि 1960 च्या दशकात तिथल्या रहिवाशांना आपल्या रोजच्या जगण्यावर आपला ताबा हवा होता. रिसर्चर आपल्या बाजूने उभे राहतील या आशेने त्यांनीच टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट या लंडनच्या संशोधन संस्थेच्या लोकांना बोलावलं. 1972 मध्ये रिपोर्ट आला, त्यात भर होता अशा संस्था नीट कशा चालवाव्यात यावर, आणि वर 'आम्ही तटस्थ आहोत' हे होतंच. तिथे राहिलेले पॉल हंट इतके चिडले की त्यांनी या रिसर्चर मंडळींना सरळ बांडगुळं म्हटलं, तो लेख त्यांच्या मृत्यूनंतर 1981 मध्ये छापून आला. भाषा कडक आहे, पण मला ती योग्यच वाटते, ज्याचं आयुष्य पणाला लागलंय त्याला तटस्थ राहून कसं चालेल?

आता तुम्ही म्हणाल, हल्ली सहभागी संशोधन असतं की, म्हणजे ज्यांच्यावर रिसर्च त्यांनाही त्यात सामील करून घेणारं. असतं, कागदावर. गंमत अशी की फंडिंग हवं तर प्रपोजलमध्ये प्रश्न आधीच पक्का लागतो, पैसे मंजूर झाले की मग अपंग व्यक्तींना सल्लागार म्हणून बोलावतात, आणि त्यांनी 'प्रश्नच चुकलाय' म्हटलं की सगळे गप्प. जे रिसर्चर स्वतः अंध आहेत त्यांचं तर विचारूच नका, अॅक्सेसिबिलिटीवरचाच पेपर स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये मिळतो, स्क्रीन रीडरला, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर वाचून ऐकवणाऱ्या सॉफ्टवेअरला, तो नुसता फोटो, एक अक्षर वाचत नाही, आणि जर्नलच्या पोर्टलवर नुसतं 'बटण, बटण, बटण' ऐकू येतं, त्यातलं सबमिट कुठलं ते तुम्ही ओळखायचं.

माझं मत विचाराल तर फंड देणाऱ्यांनी प्रपोजलच्या आधी थोडे पैसे द्यावेत, नुसतं बसून प्रश्न ठरवायला, आणि त्या बैठकीला येणाऱ्या अपंग व्यक्तींना त्यांच्या वेळेचं मानधन द्यावं, चहा-बिस्किटांवर बोळवण नको. आणि हो, साइन लँग्वेज इंटरप्रिटरचा खर्च 'इतर खर्च' मध्ये टाकू नका, बजेट कापायची वेळ आली की पहिली कात्री तिथेच लागते.